मदत हवी आहे: डेटा न जाता सी ड्राइव्हमधून नवीन पार्टिशन कसं काढू?

मंडळी, खानापुरात माझा फोटो स्टुडिओ आहे. डेस्कटॉपवर विंडोज 10, 1 टीबीची हार्ड डिस्क, सगळी एकाच सी ड्राइव्हमध्ये. निम्म्याहून जास्त मोकळी आहे, त्यातली 400 जीबी वेगळी काढायची आहे. पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ (ड्राइव्ह लहान करणं) केलं की जेमतेम 38 जीबी मिळेल असं दाखवतंय.

यांच्या न हलणाऱ्या फाइली आड येतात म्हणून हायबरनेशन, पेजफाइल, सिस्टिम प्रोटेक्शन तिन्ही बंद केलं, रीस्टार्ट करून डीफ्रॅगही (विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) केलं. आकडा तोच. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 259 नंबरच्या नोंदीत श्रिंक अडवणारी फाइल म्हणून मास्टर फाइल टेबल (ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइलींची नोंदवही) दिसतंय. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू नाही.

यंदाच्या लग्नांचे फोटो बाहेरच्या डिस्कवर घेतले, उघडून तपासलेही. जुने तिच्यात मावत नाहीत, आणि लोकांची लग्नं पुन्हा टिपता येत नाहीत, म्हणून फॉरमॅट नकोच.

आता जीपार्टेडच्या (विंडोजबाहेरून पार्टिशन बदलणारं मोफत सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवरून बूट करून बघावं म्हणतोय. पण यूपीएस दहा मिनिटंच टिकतो आणि पावसात इथं लाइटचा भरवसा नाही. फाइली हलवताना मध्येच मशीन बंद पडलं तर डेटा परत मिळतो का? की विंडोजमध्येच हे टेबल पुढे सरकवायची सुरक्षित पद्धत कुणी स्वतः करून पाहिली आहे?