मदत हवी आहे: पेरोव्स्काइट नॅनोस्फटिक धुतले की चमक जाते

नमस्कार मंडळी,

मी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज कोकणात. प्रोजेक्टसाठी सिझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटचे (ठरावीक स्फटिकरचनेचा पदार्थ) नॅनोस्फटिक घेतले आहेत, म्हणजे यूव्ही प्रकाशात चमकणारे अतिसूक्ष्म कण, ज्यांना क्वांटम डॉटही म्हणतात. क्वांटम डॉटवर हात बसलेलं कोणी इथे असेल, तर नक्की वाचा.

झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातल्या कोवालेन्को यांच्या गटाची २०१५ ची पद्धत म्हणजे १४० ते २०० अंशांच्या गरम द्रावकात सिझियमचं द्रावण एकदम इंजेक्ट करायचं. त्याला हवाबंद, निष्क्रिय वायूची लाइन लागते. ती आमच्याकडे नाही. म्हणून खोलीच्या तापमानाची पद्धत धरली. सिझियम आणि लेड ही दोन्ही ब्रोमाइड डीएमएफ या ध्रुवीय द्रावकात विरघळवायची, ओलिक ॲसिड आणि ओलिलअमाइन (कणांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांना सांभाळणारे रेणू, म्हणजे लिगँड) घालायचं आणि हे द्रावण जोरात ढवळत असलेल्या टोल्युइनमध्ये थेंबथेंब सोडायचं. थेंब पडतो तिथेच हिरवट ढग उठतो, आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला की अख्खा बीकर पोपटी उजळतो. बाहेर पडणारा प्रकाश ५१५ नॅनोमीटरच्या आसपास, त्याचा तरंगलांबीचा पट्टा छान अरुंद.

अडचण पुढे येते. सेंट्रीफ्यूजमध्ये कण खाली बसावेत म्हणून ॲसिटोन घातलं की चमक झपाट्याने उतरते. न धुता ठेवलं तर एक-दोन दिवसांत तळाशी पांढुरका गाळ बसतो. त्या नमुन्याच्या यूव्ही-व्हिजिबल शोषणाच्या आलेखात ३१४ नॅनोमीटरजवळ नवीन शिखर दिसतं. वाचलं त्यावरून हे सिझियम जास्त असलेलं, रंगहीन रूप असावं, ज्यात एका शिशामागे सिझियम चार आणि ब्रोमीन सहा असतात. अमाइन जास्त झालं की मूळ स्फटिक तिकडे वळतो, असंही वाचलंय. मग ओलिलअमाइन कमी करू, की लेड ब्रोमाइड थोडं वाढवू? दोन्ही एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून आधी कुठे हात घालायचा ते विचारतोय.

धुण्याबद्दल माझा अंदाज असा: स्फटिक आयनिक आहे आणि पृष्ठभागावरची लिगँड सैलच धरलेली असतात, त्यामुळे ॲसिटोनसारखा ध्रुवीय द्रावक ती ओरबाडून नेतो. शिवाय डीएमएफचा अंश टोल्युइनमध्ये राहतोच. ॲसिटोनऐवजी इथाइल ॲसिटेट किंवा मिथाइल ॲसिटेट वापरलेलं कोणी आहे का? किती प्रमाणात? आणि जास्त घट्ट धरणारं लिगँड म्हणून डायडोडेसिल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड धुण्याआधी घालायचं की नंतर? त्याच्यावर प्रोटॉन द्यायला-घ्यायला काही नसल्याने ते ओलिलअमाइनसारखं सुटत नाही, एवढं कळलंय.

गाईड मॅडम म्हणतात, सोडून दे, सायट्रिक ॲसिड आणि युरियापासून कार्बन डॉट (कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण) कर, शिसंही नको आणि वेळही वाचेल. शिशाबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं. पण मला निळ्या एलईडीवर हिरवी फिल्म बसवून दाखवायची आहे. क्वांटम डॉट टीव्हीत हेच होतं: मागून निळा प्रकाश येतो आणि फिल्ममधले कण त्यातल्या काही भागाचा हिरवा आणि लाल करतात. तिथे रंग शुद्ध दिसतो तो पट्टा अरुंद असल्यामुळे. पेरोव्स्काइटचा पट्टा साधारण २० नॅनोमीटर रुंद, कार्बन डॉटचा बहुतेकदा कितीतरी पसरट. त्यामुळे मन तयार होत नाही. इंडियम फॉस्फाइडचे क्वांटम डॉट शिशाविना होतात, पण ते काम आमच्या लॅबच्या आवाक्याबाहेरचं आहे.

फिल्मसाठी पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) टोल्युइनमध्येच विरघळवून त्यात कण मिसळायचा विचार आहे. पावसाळ्यातल्या इथल्या दमटपणात ती टिकेल का, की वरून काचेची पट्टी लावून इपॉक्सीने कडा बंद कराव्या?

आणखी एक. शिशाचं धुणं मी वेगळ्या बाटलीत लेबल लावून साठवतोय, सिंकमध्ये एक थेंबही जाऊ दिलेला नाही. छोट्या कॉलेजात अशा कचऱ्याची पुढे विल्हेवाट कशी लावता?

आलेख आणि टॉर्चखालचे फोटो तयार आहेत, कोणी म्हणालं तर लगेच टाकतो.