एन्ट्री-लेव्हल डीएसएलआर घ्यावा की सुपरझूम? पक्षीही काढायचेत, घरातले कार्यक्रमही

पाणकावळा
मोबाइलवरून पुढे सरकायचं ठरवलंय. दोन पर्यायांवर येऊन अडकलो आहे.
१) कॅनन १५००डी (डीएसएलआर, लेन्स बदलता येते), सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) आणि आणखी एक टेलिझूम (लांबचं जवळ आणणारी लेन्स), ५५-२५०.
२) निकॉन पी९०० (सुपरझूम, लेन्स निघत नाही), २४-२००० मिमी, ८३एक्स.
खिशात मावणारा कॅनन एसएक्स७४० (४०एक्स) हाही यादीत होता, अजून पूर्ण काढलेला नाही.
निम्मा वापर पक्ष्यांसाठी, बहुतेक झाडावरचे किंवा पाण्याकाठचे. उरलेला संध्याकाळी घरात होणाऱ्या छोट्या कार्यक्रमांसाठी, आणि अधूनमधून चंद्र. फोटो स्क्रीनवरच पाहणार, क्वचित ए४ प्रिंट. मॅन्युअल मोड शिकायची तयारी आहे, पण बॅगभर लेन्स घेऊन फिरायची नाही. ८३एक्ससमोर ५५-२५०चे जेमतेम साडेचार एक्स बघितले की डीएसएलआर घ्यायचाच कशाला, असं वाटतं. माझं काही चुकतंय का?

भिंगवाला
आधी ते 'एक्स' डोक्यातून काढा. लेन्सवर लिहिलेल्या मिमी आकड्यांपैकी (फोकल लेंग्थ) शेवटच्याला पहिल्याने भागलं की एक्स मिळतो, बस. १०-२० मिमी लेन्स २एक्स आणि १००-२०० मिमीही २एक्स, पण पक्षी दुसरीनेच जवळ येणार. तुलना करायची ती ३५ मिमी समतुल्य आकड्यांची, म्हणजे ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यावर तेवढंच दृश्य देणाऱ्या फोकल लेंग्थची. १५००डीचा क्रॉप (समतुल्य काढायला गुणायचा आकडा) १.६, म्हणजे २५० मिमीचे ४०० झाले. समोर २०००. पोहोच पाचपट, हे खरंच आहे.

आता ही पोहोच येते कुठून ते पाहा. पी९००ची लेन्स प्रत्यक्षात ४.३ ते ३५७ मिमीच आहे. सेन्सर (आतला प्रकाश टिपणारा भाग) १/२.३ इंची, साधारण ६.२ × ४.६ मिमी. १५००डीचा २२.३ × १४.९ मिमी. क्षेत्रफळात जवळपास १२ पट फरक. लहान सेन्सर म्हणजे चित्राचा मधला तुकडाच कापून घेतल्यासारखं, म्हणून आकडा २०००पर्यंत जातो.

पण लांबच्या पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होतो, हे सेन्सरवर नाही, लेन्सच्या उघड्या तोंडावर ठरतं. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने (लहान आकडा म्हणजे लेन्सचं तोंड मोठं) भागा:
५५-२५० पूर्ण झूमला: २५० ÷ ५.६ = सुमारे ४५ मिमी
पी९००: ३५७ ÷ ६.५ = सुमारे ५५ मिमी
एसएक्स७४०: १७२ ÷ ६.९ = सुमारे २५ मिमी

शटर स्पीड तोच ठेवला तर त्याच पक्ष्याकडून पी९०० हा ५५-२५०च्या दीडपट प्रकाश घेतो, आणि खिशातला एसएक्स७४० जेमतेम एक तृतीयांश. सुपरझूम म्हणून दोघांना एकाच रांगेत उभं करणं म्हणूनच चूक आहे. पक्ष्यांसाठी एसएक्स७४० यादीतून काढाच. फिरताना खिशात ठेवायला तो छान आहे, पण तो वेगळा विषय.

थोडक्यात, भर उन्हात बसलेल्या, लांबच्या पक्ष्यासाठी पी९०० पुढे. डीएसएलआरवाले हे सहसा कबूल करत नाहीत.

अर्धाशटर
भिंगवाला यांचं गणित बरोबर, पण ते बसलेल्या पक्ष्यापुरतं. उडणारा पक्षी आला की चित्र पालटतं.

डीएसएलआरला ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आणि फेज-डिटेक्ट फोकस असतो. लेन्स कोणत्या दिशेला आणि किती सरकवायची हे त्याला एका मापात कळतं. पी९०० कॉन्ट्रास्टवर फोकस करतो, म्हणजे पुढे-मागे सरकवून 'आता जास्त स्पष्ट की मघाशी' असं शोधत राहतो. २००० मिमीला हा शोध लांबतो, आणि मागे फांद्या असतील तर फोकस हमखास फांद्यांवर जाऊन बसतो. शिवाय बर्स्ट (बटण दाबून धरून सलग फोटो) सात फ्रेमचा. सात फोटो झाले की कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा थांबतो, आणि बगळा नेमका तेव्हाच उडतो. १५००डीचा वेग सेकंदाला तीनच फ्रेम, त्यामुळे तोही काही बहाद्दर नाही. पण मधला एकच फोकस पॉइंट निवडून एआय सर्व्होवर (हलत्या गोष्टीमागे फोकस सतत फिरवणारा मोड) ठेवला तर मोठे, संथ उडणारे पक्षी नीट पकडतो. शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा.

पी९०० घेतलात तर तीन गोष्टी हाताला लावून घ्या:
पक्षी आधी कमी झूमवर फ्रेममध्ये घ्या, मग झूम वाढवा. थेट २०००ला शोधायला गेलात तर आकाशच दिसत राहील. पक्षी फ्रेममधून निसटला तर लेन्सच्या बाजूला स्नॅप-बॅक झूमचं बटण आहे. ते दाबून धरलं की झूम तात्पुरता मागे येतो, सोडलं की परत पुढे.
फोकस एरिया मधला आणि लहानात लहान ठेवा.
व्हीआर (निकॉनचा स्टॅबिलायझर) हात हलण्याची भरपाई करतो, पक्षी हलण्याची नाही. बसलेला पक्षीही मान सतत फिरवत असतो, तेव्हा १/२५०च्या खाली जाऊ नका.

आणि एक, याला कुठल्याच कॅमेऱ्यात इलाज नाही: दुपारी तापलेल्या जमिनीवरून किंवा पाण्यावरून २०० मीटर लांबचा पक्षी काढला तर हवाच लहरते. पिसांचा लगदा होतो. लोक याला लेन्सचा दोष समजतात. सकाळी लवकर तोच पक्षी तीच लेन्स लखलखीत दाखवते.

पी९००मध्ये रॉ (सेन्सरचा मूळ, प्रक्रिया न केलेला डेटा) नाही, फक्त जेपेग. रॉ हवं असेल तर त्याचाच पुढचा पी९५० बघा, लेन्सचे आकडे तेच आहेत.

आयएसओशंभर
घरातल्या कार्यक्रमांबद्दल कोणी बोललंच नाही, आणि निर्णय तिथेच फिरतो.

संध्याकाळी घरातल्या नेहमीच्या दिव्यात माणसं हलती-बोलती असतील तर किमान १/१२५ सेकंद शटर हवा. ढोबळ हिशेब असा (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, आकडा चढला की फोटोत दाणे म्हणजे नॉइज वाढतो):
किट लेन्स ५५ मिमीला एफ/५.६: आयएसओ ६४००च्या आसपास
तीच किट लेन्स १८ मिमीला एफ/३.५: सुमारे २५००
५० मिमी एफ/१.८: ६४० ते ८००
पी९०० वाइडला (झूम न करता) एफ/२.८: १६००

शेवटची ओळ वाचून हुरळू नका. त्याचा सेन्सर १२ पट लहान, त्यामुळे त्याच्या १६००चा नॉइज मोठ्या सेन्सरच्या १९,०००च्या आसपास बसतो. कॅमेरा मग नॉइज पुसायला जातो आणि त्यासोबत केस, भुवया, साडीचं विणकामही पुसून टाकतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर चालून जातं, ए४ला चेहरे मेणाचे दिसतात. झूम केलात तर एफ-आकडा चढतो आणि आणखी बिघडतं.

म्हणजे साधी किट लेन्ससुद्धा इथे पी९००च्या पुढे आहे. पण खरा फरक पाडते ती एफ/१.८ची प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंग्थची लेन्स). कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम जेमतेम १६० ग्रॅमची, बॅग भरत नाही. लहान खोलीत मात्र ती लांब पडते (८० मिमी समतुल्य): एकट्या-दुकट्याचे फोटो उत्तम, दहा जणांचा ग्रुप मावणार नाही. ग्रुपसाठी किट लेन्स १८-२४ मिमीवर ठेवा आणि बाहेरच्या फ्लॅशचा उजेड पांढऱ्या छतावर आपटवा. कॅमेऱ्यावरचा उघडणारा फ्लॅश थेट तोंडावर मारू नका.

माझं मत स्पष्ट आहे: डीएसएलआर घेऊन पुढची सगळी वर्षं किट लेन्सवरच काढणार असाल तर तो घेण्यातली निम्मी मजा गेली. प्राइम घेणार असाल तरच घ्या.

पाणकावळा
धन्यवाद, डोक्यातला गुंता बराच सुटला. दोन शंका. चंद्र ५५-२५०ने अगदीच ठिपका येईल का? आणि १५००डीच्या एका किटमध्ये ५५-२५०ऐवजी ७५-३०० देत आहेत. ३०० म्हणजे जास्तच, मग तेच घेऊ का?

भिंगवाला
चंद्राचं सोपं सूत्र: फोकल लेंग्थ भागिले ११०, तेवढे मिमी सेन्सरवर चंद्राचा व्यास. २५० मिमीला सुमारे २.३ मिमी, म्हणजे १५००डीवर जवळपास ६०० पिक्सेल. मोठी विवरं आणि काळे डाग ओळखू येतात, कापून स्क्रीनवर टाकायला पुरतो. पी९००वर ३.२ मिमी, फ्रेमच्या उंचीच्या ७० टक्के, अंदाजे २४०० पिक्सेल. इथे स्पर्धाच नाही.

दोन्हीकडे ऑटोवर सोडलंत तर चंद्र पांढरी थाळी होईल, कारण कॅमेरा भोवतीचा अंधार मोजतो. मॅन्युअल, आयएसओ १००, एफ/५.६ ते ६.५, पूर्ण चंद्राला १/२५०, अर्ध्याला १/६०च्या आसपास. अष्टमीच्या सुमारास विवरांच्या सावल्या लांब पडतात, फोटो तेव्हाच उठून दिसतो. पौर्णिमेचा चंद्र सपाट येतो. ट्रायपॉडवर दोन सेकंदांचा टायमर लावा.

अर्धाशटर
७५-३००ला हात लावू नका. किटमध्ये येते त्या ७५-३०० एफ/४-५.६ थ्री या लेन्सला इमेज स्टॅबिलायझर (आयएस) नाही. ३०० मिमीला (४८० समतुल्य) हातात धरून १/५००च्या खाली फोटो हलणारच, आणि त्या टोकाला तिचं चित्र मऊ, म्हणजे कमी स्पष्टही येतं. ५५-२५० आयएस एसटीएम सुमारे ३७५ ग्रॅम, स्टॅबिलायझर आहे, २५०लाही धारदार. २५०च्या वरचे ५० मिमी सोडून द्या, ५५-२५०चा फोटो कापून मोठा केलात तरी जास्त बरा निघतो. लेन्सवर 'आयएस' ही अक्षरं आहेत की नाही हे डोळ्यांनी बघून मगच घ्या. निकॉनकडे वळलात तर तोच सापळा तिथेही आहे: एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत येते, व्हीआर असलेली आणि नसलेली. शिवाय एएफ-पी लेन्स डी३१००सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही.

आयएसओशंभर
एक राहिलं, धूळ. सुपरझूमची लेन्स निघत नाही म्हणून धूळ शिरत नाही असं सांगतात, ते अर्धंच खरं. लांब नळी आत-बाहेर होताना हवा ओढते, आणि आत गेलेला कण काढायला कॅमेरा उघडावा लागतो. १५००डीमध्ये सेन्सर आपोआप झटकण्याची सोय नाही, पण साफ घरच्या घरी करता येतो. एफ/१६ला मोकळं आकाश काढा, काळे ठिपके दिसले तर मेनूतून मॅन्युअल क्लीनिंग लावा (सेन्सरपुढचा आरसा वर जातो), कॅमेरा पालथा धरा आणि रबरी ब्लोअरने आठ-दहा फुंकर मारा. डब्यातली दाबाची हवा नको, तिचे थेंब सेन्सरवर उडतात. तोंडाने तर मुळीच फुंकू नका. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या, मध्येच संपली तर आरसा खाली येऊन ब्लोअरवर आपटतो.