क्रूझ: सगळं पॅकेजमध्ये घ्यावं की लागेल तसं वरून? (आई-बाबांच्या लग्नाची ४० वर्षं)

वनाजचा_प्रवासी:
मंडळी, जरा मदत हवीये. मे मध्ये आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, हॉल घेऊन पन्नास लोकांना जेवायला घालण्यापेक्षा आम्हीच पाच जण कुठेतरी जाऊ असं ठरलं आणि आईने एकदम "बोटीवर जाऊया" असं सांगून सगळ्यांना गार केलं. आई-बाबा, मी, बायको आणि ८ वर्षांची मुलगी. रॉयल कॅरिबियनची सिंगापूरहून ४ रात्रींची क्रूझ, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, दोन केबिन. फ्लाइट आणि सिंगापूरचं हॉटेल वेगळं आहे, ते झालंय.

घोळ असा की दोन कोटेशन हातात आहेत. एक नुसतं क्रूझचं, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स धरून पाच जणांचे २ लाख १० हजार, बाकी सगळं वरून. दुसरं आमच्या एरियातल्या एका टूरवाल्याचं, तीच बोट तीच तारीख तशाच केबिन, 'ऑल इन्क्लुझिव्ह' म्हणून ४ लाख. तो म्हणतो "सर एकदा पैसे भरले की बोटीवर खिशात हात घालायचा नाही." बाबा बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी पीडीएफ बघून एवढंच विचारलं की १ लाख ९० हजारांचं नक्की काय खाणार आहोत आपण. आणि बायकोने आधीच सांगून ठेवलंय की तिकडे प्रत्येक कॉफीला हिशोब करत बसणार असाल तर मी घरीच बरी.

आमच्या सवयी पण सांगतो म्हणजे अंदाज येईल. बाबा रात्री एक पेग, एकच. मी एखाद-दुसरी बिअर. आई आणि बायको अजिबात घेत नाहीत, बायकोला कॉफी लागते. आई शाकाहारी, संकष्टी करते. काय करावं?

आकडेमोड:
आधी त्या ऑल इन्क्लुझिव्हमध्ये काय काय लिहिलंय ते जसंच्या तसं टाका. त्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

वनाजचा_प्रवासी:
पीडीएफमध्ये हिरव्या टिकमार्कची १४ ओळींची यादी आहे. केबिन, तिन्ही वेळचं जेवण, दिवसभर स्नॅक्स, थिएटरमधले शो, स्विमिंग पूल आणि जकुझी, जिम, किड्स क्लब, रॉक क्लाइंबिंग, लाइव्ह म्युझिक, मग टिप्स, वायफाय, चार मोठ्यांना ड्रिंक पॅकेज (दिवसाचे ठराविक पैसे भरायचे, मग हवं तेवढं प्या), एका रात्री स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये डिनर, आणि फुकेतला साइटसीइंग.

आकडेमोड:
हं. आता पेन घ्या आणि पहिल्या नऊ ओळींवर काट मारा. त्या २ लाख १० हजारात पण आहेत, कारण तिकीट काढलेल्या प्रत्येकालाच त्या मिळतात. मेन डायनिंग रूम, वरच्या डेकवरचा बुफे, पिझ्झा, साधा चहा-कॉफी, लेमोनेड, पाणी, शो, पूल, किड्स क्लब, सगळं. एसटीच्या तिकिटात खिडकी इन्क्लुडेड आहे म्हणून टिकमार्क करण्यासारखं आहे ते. राहिल्या पाच ओळी, आपला सौदा फक्त त्यांचा.

डॉलर ९० रुपये धरू. टिप्स: साध्या केबिनला माणशी दिवसाला साडेअठरा डॉलर (बुक करताना ताजा आकडा बघा), आणि लहान मुलांनाही तेवढेच. पाच जण चार दिवस म्हणजे ३७० डॉलर, ३३,३०० रुपये. हे चुकत नाहीत. वायफाय एका फोनचं चार दिवसांचं ७-८ हजार धरा. स्पेशालिटी डिनर पाच जणांचं वीस-पंचवीस हजार, फुकेत पंधराएक हजार.

आता ड्रिंक पॅकेज. याचा भाव बोट आणि तारीख बघून खूप वरखाली होतो, आपण दिवसाला ७० डॉलर धरू. त्यावर १८ टक्के ग्रॅच्युइटी (म्हणजे टिपच), म्हणजे ८२ डॉलर ६० सेंट. चार मोठी माणसं, चार दिवस: १,३२१ डॉलर. जवळजवळ १ लाख १९ हजार!! म्हणजे तुमच्या १ लाख ९० हजारातला मोठा वाटा दारूचा आहे आणि त्यातला निम्मा अशा दोघींच्या नावावर ज्या पीतच नाहीत.

गंमत म्हणजे टूरवाला तुम्हाला फसवत नाहीये. मी बेरीज केली तर पाचही गोष्टी सुट्या घेतल्या तर २ लाखाच्या आसपास जातात, तो १ लाख ९० ला देतोय, म्हणजे थोडं स्वस्तच. फक्त ते दुसऱ्याच कुठल्यातरी फॅमिलीसाठी स्वस्त आहे.

सुटं घेतलं तर? बाबांचे चार पेग, तुमच्या सहा बिअर, वहिनींच्या रोज दोन कॅपुचिनो, १८ टक्के धरून १७०-१७५ डॉलर, पंधरा-साडेपंधरा हजार. पॅकेज परवडायचं तर माणसाने दिवसाला पाचच्या वर पेग मारले पाहिजेत, रोज. चाळिसाव्या अॅनिव्हर्सरीला बाबांना एवढ्या कामाला लावू नका.

पेठेतली_मावशी:
आकडेमोड, तुमचा हिशोब बरोबर आहे आणि त्यामुळेच मला भीती वाटते. आमच्याकडे असाच एक हिशोबी माणूस आहे, लग्नाचा.

२०१९ ला आम्ही युरोपात सात रात्रींची क्रूझ केली, नुसतं भाडं भरून, बाकी लागेल तसं. बोटीवर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवायचं, ते मशीनला लावतात आणि एक स्लिप येते, त्यावर सही करायची. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी मी घेतलेल्या कॉफीची स्लिप बघितली, पाच डॉलर अधिक १८ टक्के, डोळे मिटून मनात गुणाकार केला आणि म्हणाले "एवढ्यात आपल्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये महिनाभर चहा झाला असता." त्यानंतर सात दिवस मी कॉफी घेतली की हे शेजारी बुफेच्या मशीनमधली फुकटची काळी कॉफी कागदी कपात घेऊन उभे, चेहरा असा की जसं काही मी घरचं सोनं मोडतेय. प्रत्येक स्लिप घडी घालून पाकिटात. शेवटच्या रात्री सगळे लोक डेकवर नाचतायत आणि हे पलंगावर स्लिपा मांडून टीव्हीवरच्या बिलाशी टॅली करतायत.

आणि सांगते, एक बिअर जास्त लागलेली निघाली पण! हे रात्री साडेअकराला गेस्ट सर्व्हिसेसच्या लाइनीत जाऊन ती काढून आले. सगळ्या ट्रिपमध्ये एवढे खूश मी त्यांना त्याच वेळी बघितलं.

तेव्हा पैसे वाचतील हो, पण बाबा बँकेतले आहेत म्हणालात ना, मग विचार करा. वहिनींचं म्हणणं मला पटलं.

सिंहगडरोडला_अडकलेला:
मावशी 😂😂 घरचं सोनं

आकडेमोड:
मावशी मान्य, पण त्यासाठी लाखभर रुपये जास्त द्यायचे?

पेठेतली_मावशी:
नाही ना. टिप्स आणि वायफाय इथूनच आधी भरून टाकायचे, आणि तो पंधरा हजाराचा चहापाणी खर्च मुलाने आपल्या कार्डावर लावायचा. बाबांना सांगायचं सगळं इन्क्लुडेड आहे. केबिनमधल्या टीव्हीवर बिल दिसतं, तेवढं त्या चॅनलला जाऊ द्यायचं नाही.

बोटीवरचा_भाऊ:
टिप्सबद्दल थोडं. माझा मावसभाऊ रत्नागिरीचा, आठ वर्षं जहाजावर हाऊसकीपिंगला आहे (वेगळ्या कंपनीत). आपले लोक सर्रास करतात ती गोष्ट म्हणजे शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन रोजची ग्रॅच्युइटी बिलातून काढायला लावणं. बऱ्याच बोटींवर ती काढून मिळते, कारण कागदोपत्री ती ऐच्छिक असते. पण हा पैसा केबिन साफ करणाऱ्याचा आणि ताटं वाढणाऱ्याचा असतो, त्या लोकांचं पगाराचं गणितच त्यावर बसवलेलं असतं. आणि ते लोक म्हणजे बहुतेक वेळा गोव्याचे, कोकणातले, फिलिपिन्सचे, इंडोनेशियाचे. वाचवायचे तर दारूत वाचवा.

भाडं कमी आणि वरचा खर्च जास्त हा धंदाच तसा आहे, रॉयल कॅरिबियनच्या २०२३ च्या साधारण १४ अब्ज डॉलर उत्पन्नात तीसेक टक्के बोटीवरच्या आणि इतर खर्चाचे होते, तिकिटांचे नाहीत. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०२४ पासून कायदाच आला की जे चार्जेस भरावेच लागतात ते जाहिरातीतल्या किमतीत धरूनच दाखवायचे, त्यामुळे क्रूझवाल्यांना पोर्ट फी आणि टॅक्स आत घ्यावे लागले. टिप्स मात्र ऐच्छिक म्हणून अजून बाहेरच.

खडकवासला_एक्सप्रेस:
ऑल इन्क्लुझिव्ह हा शब्द प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो हे पण लक्षात घ्या. रीजंट सेव्हन सीजवर खरंच बंदरावरच्या सहलींपासून दारू, टिप्स, वायफायपर्यंत सगळं आत, पण तिथलं भाडं ऐकून आपण बसतो. वायकिंगच्या समुद्रावरच्या बोटींवर जेवणाबरोबर बिअर-वाइन आणि प्रत्येक बंदरात एक सहल धरलेली असते, पण १८ च्या आतल्यांना घेतच नाहीत, म्हणजे तुमची मुलगी बाद. व्हर्जिनवर बेसिक वायफाय आणि सगळी रेस्टॉरंट आत, दारू बाहेर, तेही फक्त मोठ्यांसाठी. आणि टूरवाल्याचं ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे तो म्हणेल ते.

दुसरं, फुकेत-पेनांगचं. पेनांगला बोट स्वेटनहॅम पिअरला लागते, तिथून जॉर्जटाउन चालत आहे, लिटल इंडियात काकूंना छान शाकाहारी जेवण मिळेल, सहल घ्यायची गरज नाही. फुकेतला मोठी बोट पाटोंगसमोर उभी राहते आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्यात वेळ जातो. बोटवाल्यांची सहल घेतलीत आणि उशीर झाला तर बोट थांबते, स्वतः टॅक्सी करून गेलात तर थांबणार नाही. आणि फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फोन आपोआप वेळ बदलतो, बोट सिंगापूरच्याच टाइमवर असली तर तुम्ही आरामात नारळपाणी पीत बसाल आणि समोरून बोट सुटेल. हातात साधं घड्याळ घाला, ते बोटीच्या वेळेला लावा.

सिंहगडरोडला_अडकलेला:
एवढं सगळं करण्यापेक्षा मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने गोव्याला जा की. व्हिसा नाही, बिल रुपयांत, जैन जेवणसुद्धा मिळतं. दारू तिथेही वेगळीच. त्यांची 'एम्प्रेस' बोट १९९० ची आहे, तिकडच्या बोटींसारखी अवाढव्य नाही, पण आई-बाबांना चालायला कमी पडतं हा फायदाच समजा.

आकडेमोड:
पर्याय चांगला आहे पण आईंनी पेनांग ऐकलंय आता, माघार अवघड.

वनाज, काही सुटे मुद्दे. ड्रिंक पॅकेजचा नियम असा की केबिनमधल्या एका मोठ्याने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्यालाही घ्यावं लागतं, म्हणून टूरवाल्याने चौघांना धरलंय, त्याचा दोष नाही. काही लोक कागदावर पिणारे एका केबिनमध्ये आणि न पिणारे दुसऱ्या केबिनमध्ये टाकतात आणि झोपायला आपापल्या जागी जातात. तुमच्या केसमध्ये चाळिसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला बाबा मुलाबरोबर आणि आई सुनेबरोबर असं बुकिंग होईल, तेवढं घरी समजावून सांगा. अर्थात तुम्हाला पॅकेज नकोच आहे.

वायफाय वगैरे जे घ्याल ते निघायच्या आधी त्यांच्या वेबसाइटवरून घ्या, बोटीवर महाग पडतं, आणि नंतर भाव उतरला तर आधीचं कॅन्सल करून नव्या भावाने घेता येतं. मी दर रविवारी चहा घेताना चेक करायचो, दोनदा उतरला होता. बोटीच्या अकाउंटला डेबिट कार्ड अजिबात देऊ नका, रोज रक्कम ब्लॉक करतात आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार) किती ते बघा, बऱ्याच कार्डांना साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर बोटीच्या टॉवरचं रोमिंग लागून जेवढं वाचवलं तेवढं एका व्हॉट्सअॅप व्हिडिओत जाईल. टूरवाल्याकडून परदेशी पॅकेज घेतलंत तर टीसीएस (आधीच घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापेल, तो रिटर्न भरताना वळता होतो, पण ज्याच्या पॅनवर कापला त्याच्याच, म्हणून जो रिटर्न भरतो त्याच्याच नावावर घ्या.

आणि सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्री आलाय ना ते बघा, बोट परत सिंगापूरलाच येते.

वनाजचा_प्रवासी:
सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. काल रात्री जेवताना बाबांना ती काट मारलेली यादी दाखवली, त्यांनी चष्मा लावून परत एकदा स्वतः बेरीज केली (आकडेमोड, तुमच्याशी टॅली झाली, अभिनंदन). ठरलं: २ लाख १० हजारवालं घेतोय, टिप्स आणि एक वायफाय आधी भरतोय, बाकी माझ्या कार्डावर. टूरवाल्याला फोन करून सांगितलं, बिचारा म्हणाला नुसतं भाडंही मीच करून देतो, तर त्याच्याकडूनच केलं, माझ्या पॅनवर. बाबांना बाकीचं इन्क्लुडेड आहे असं सांगायचा मावशींचा प्लॅन बायकोला इतका आवडला की टीव्हीचा रिमोट ती स्वतःकडे ठेवणार आहे. फक्त बाबा इथे वाचत नाहीत ना एवढंच बघायचंय.

आता आईचा प्रश्न. बॅगेत खाकरा, चकली, राजगिऱ्याचे लाडू चालतात का? क्रूझच्या दिवसांत संकष्टी येतेय.

बोटीवरचा_भाऊ:
घरी केलेलं नको, चढतानाच काढून घेतात. दुकानातलं सीलबंद पाकीट असेल तर अडचण येत नाही. फुकेतला किनाऱ्यावर उतरताना मात्र केळी-सफरचंद बुफेतून उचलून नेऊ नका.

वनाजचा_प्रवासी:
ओके, चकली चितळ्यांची घेतो मग. आई विचारतेय चंद्रोदय कुठला धरायचा, बोटीच्या घड्याळाचा की फुकेतच्या?

पेठेतली_मावशी:
डेकवर जाऊन दिसला की सोडायचा म्हणावं. बिल्डिंगी मध्ये नाहीत, वर आला की लगेच दिसेल.