सर्व्हरची प्रकृती तपासणाऱ्या एआय एजंटसाठी टूलचे वर्णन कसे आणि किती लिहावे?

प्रश्न (सोलापूर)

नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल कारखान्याचे सर्व्हर मी सांभाळतो. बिलिंग, निर्यातीची कागदपत्रे आणि मागांवरील उत्पादनाची नोंद एवढेच त्यांच्यावर चालते. रात्रपाळीला संगणकाचा जाणकार कोणी नसल्यामुळे या लिनक्स सर्व्हरवर लक्ष ठेवण्यासाठी एक एआय एजंट बसवला असून त्याला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमार्फत (एआयला बाहेरची साधने जोडण्याची प्रमाणित पद्धत) टूल्स दिली आहेत. टूल्स चालतात, अडचण एजंटच्या निष्कर्षांची आहे. लोड (कामासाठी थांबलेल्या व चालू प्रोसेसची सरासरी संख्या) ६ दिसला की तो सीपीयू कमी पडत असल्याचे कळवतो, आणि एखादा सर्व्हर उत्तरच देत नसेल तेव्हा ‘काही अडचण आढळली नाही’ असे सांगून मोकळा होतो. वर्णनात सध्या ‘सर्व्हरची स्थिती तपासते’ एवढे एकच वाक्य आहे. त्यात आणखी काय लिहावे, आणि किती लिहिले म्हणजे जास्त होते?

उत्तर १

एजंटला आपला कोड दिसत नाही. टूल निवडताना त्याच्यासमोर फक्त नाव, वर्णन आणि द्यावयाच्या माहितीची यादी असते. त्यामुळे आकडा वाचताना आपण जे मनात गृहीत धरतो, ते सारे वर्णनात यायला हवे. लोडचेच पाहा. लिनक्सच्या लोड अ‍ॅव्हरेजमध्ये सीपीयूसाठी रांगेत असलेल्या प्रोसेसबरोबरच (प्रोसेस म्हणजे चालू प्रोग्राम) डिस्कची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात; म्हणून बॅकअप चालू असताना दिसणाऱ्या ६ या आकड्याला मंद डिस्कही कारणीभूत असू शकते, आणि आठ कोअरच्या (एकाच वेळी आठ कामे करू शकणाऱ्या सीपीयूच्या) यंत्रावर तो आकडा मुळात चिंतेचा असेलच असे नाही. मी असे लिहीन:

‘मागील १, ५ व १५ मिनिटांचे लोड अ‍ॅव्हरेज आणि कोअरची संख्या देते. सर्व्हर मंद असल्याची तक्रार आल्यास वापरावे. हा आकडा म्हणजे सीपीयूच्या वापराची टक्केवारी नव्हे. डिस्कसाठी थांबलेल्या प्रोसेसही यात येतात, म्हणून कारण ठरवण्यापूर्वी डिस्कचे टूल चालवावे.’

मेमरीबाबत ‘मोकळी’ आणि ‘उपलब्ध’ हे दोन आकडे वेगळे ठेवा. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतो, त्यामुळे मोकळी मेमरी बहुधा कमीच दिसते. २०१४ मध्ये आलेल्या ३.१४ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) उपलब्ध मेमरीचा अंदाज कर्नल स्वतःच देतो, तोच परत द्यावा. डिस्कच्या टूलने आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरील नोंद) मोजले आहेत की नाहीत, हेही स्पष्ट लिहा. लाखो बारीक फाइलींमुळे आयनोड संपले, तर जागा शिल्लक असूनही नवी फाइल तयार होत नाही.

उत्तर २

वरील म्हणणे मान्य आहे, परंतु त्याच ओघात काही जण ‘८० टक्क्यांवर धोका’ अशा मर्यादाही वर्णनात घालतात, ते टाळावे. ४० जीबीच्या आणि ४ टीबीच्या डिस्कला एकच मर्यादा लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक सर्व्हरची मर्यादा टूलच्या निकालातच यावी. शिवाय सर्व टूल्सची वर्णने साधारणपणे प्रत्येक विनंतीसोबत मॉडेलकडे जातात, त्यामुळे पानभर मजकुराचा भार सतत पडतो. चार-पाच वाक्ये पुरतात.

उत्तर न देणाऱ्या सर्व्हरचा प्रश्न मात्र मला वर्णनाचा वाटत नाही. टाइमआउट झाल्यावर (ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यावर) टूल रिकामी यादी परत देत असेल, तर एजंटने ‘अडचण नाही’ म्हणणे स्वाभाविक आहे. ‘ठीक’, ‘बिघाड’ आणि ‘तपासता आले नाही’ अशा तीन स्वतंत्र अवस्था परत द्या, टूलच चालू शकले नसेल तर प्रोटोकॉलमध्ये त्रुटी दर्शवण्याची सोय आहे ती वापरा, आणि मग वर्णनात लिहा की तिसऱ्या अवस्थेवरून सर्व्हर सुस्थितीत असल्याचे मानू नये. लॉगच्या (सर्व्हरवरील घडामोडींच्या नोंदींच्या) वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतील तर तसेही नोंदवा. अन्यथा साडेपाच तासांच्या फरकामुळे रात्रपाळीतील बिघाड आदल्या पाळीच्या माथी जाईल.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. आमच्या सर्व्हर तपासणाऱ्या टूलमध्येच ‘कृती’ नावाचा एक पर्याय आहे आणि त्यातून सेवा रीस्टार्टही करता येते. ‘विचारल्याशिवाय रीस्टार्ट करू नये’ असे वर्णनात लिहिले तर पुरेल का?

उत्तर ३

पुरणार नाही. पाहणारे आणि बदल करणारे टूल वेगळे करा. टूल फक्त वाचणारे आहे की बदल घडवणारे, हे सांगणाऱ्या खुणा प्रोटोकॉलमध्ये आहेत आणि त्या जरूर भराव्यात, पण त्या अंमलबजावणी करत नाहीत. तपासणीच्या खात्याला रीस्टार्टचा अधिकारच नसणे हा खरा बंदोबस्त. रीस्टार्टच्या वर्णनात परिणाम लिहावा: ‘चालू असलेली बिले अर्धवट राहू शकतात.’

नंतर चाचणीच्या एका सर्व्हरवर मुद्दाम आयनोड संपवा आणि एजंटला एवढेच विचारा, ‘बिल का निघत नाही?’ तो कोणते टूल आधी उचलतो ते पाहा. वर्णनात बदल केला की प्रत्येक वेळी हे जुने प्रश्न पुन्हा विचारावेत, कारण एका टूलचे वर्णन सुधारले की एजंट कधी कधी शेजारच्या टूलकडे वळेनासा होतो.