गुणगुणलेली चाल थेट मिडीत उतरवावी का?

अनाहत:
चाल सुचते ती गळ्यात. ती कीबोर्डवर शोधायला बसलं की बोटं सवयीच्या जागी जातात आणि थोड्या वेळात मूळ चाल हरवून बोटांना जमणारी चाल उरते. म्हणून माझं ठाम मत आहे की आधी गाऊन रेकॉर्ड करावं आणि मिडी स्वर, म्हणजे कोणता स्वर कधी आणि किती वेळ वाजवायचा याच्या यंत्राला कळणाऱ्या सूचना, सॉफ्टवेअरकडून काढून घ्याव्यात. एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २०१३ च्या ९व्या आवृत्तीपासून आहे. लॉजिक या तशाच सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्स पिच या सूर दुरुस्त करण्याच्या सोयीवरून मिडी ट्रॅक बनतो, मेलोडाइन या सूर दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमधूनही मिडी काढता येतं, आणि स्पॉटिफायने २०२२ मध्ये आणलेलं बेसिक पिच हे रूपांतराचं साधन तर फुकट आहे. 'आधी वाद्य शिका, मग चाली बांधा' हा आग्रह आता सोडायला हवा. ज्यांचे हात साथ देत नाहीत त्यांनाही चाली सुचतातच.

खर्ज_निषाद:
शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत, उपायाशी नाही. मिडी १९८३ साली आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं, एकमेकांना जोडण्यासाठी. त्यात स्वर म्हणजे ० ते १२७ पैकी एक क्रमांक. ६९ म्हणजे ४४० हर्ट्झ, ७० म्हणजे कीबोर्डवर त्याच्या लगतची वरची पट्टी. गळा मात्र दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत वावरतो. सा वरून शुद्ध ग पर्यंत एक सावकाश मींड घ्या, म्हणजे आवाज न तोडता घसरत जा, आणि रूपांतर करून पाहा. सा, कोमल रे, शुद्ध रे, कोमल ग, शुद्ध ग असा जिना हाती येतो.

दुसरं म्हणजे, साथीशिवाय गुणगुणणाऱ्याचा सा पट्टीवर नेमका बसेलच असं नाही. तो काळी एक आणि पांढरी दोन या शेजारच्या पट्ट्यांच्या मधोमध पडला, तर लांबवलेला एकच स्वर पडद्यावर दोन पट्ट्यांत उड्या मारताना दिसतो.

लेहरा:
दुसऱ्या अडचणीवर सोपा इलाज आहे. गाताना कानात षड्जाचा सूर चालू ठेवा, म्हणजे सा सरकत नाही. तो हेडफोनमध्येच हवा, माइकमध्ये शिरला तर त्याचेही स्वर निघतात. आणि तोंड मिटून 'हं' करू नका. एकच स्वर तीनदा घेतला तरी 'हं'ला कड नसल्यामुळे सॉफ्टवेअरला तो एकच लांब स्वर वाटतो. 'दा दा दा' म्हणा, तीन स्वर वेगळे निघतात. मध्येच एखादा स्वर अख्खं सप्तक वर किंवा खाली गेलेला दिसला तर घाबरू नका. आवाजातल्या उपस्वरांमुळे, म्हणजे मूळ सुरासोबत निघणाऱ्या वरच्या सुरांमुळे, यंत्राचा अंदाज चुकतो, तेवढा स्वर ओढून जागेवर आणायचा.

गाता गाता लगेच सिंथ वाजावा ही अपेक्षा मात्र खर्जात सोडा. १०० हर्ट्झच्या सुराचं एक आवर्तन १० मिलिसेकंदांचं. सूर ओळखायला किमान दोन आवर्तनं तरी लागतात, वर साउंड कार्डचा उशीर. आधी रेकॉर्ड, मग रूपांतर, हेच बरं.

अनाहत:
निषाद, मींडेसाठी पिच बेंड, म्हणजे स्वर थोडा वर-खाली वाकवण्याची मिडीतली सूचना, आहे की. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असतात, कानाला वळण अखंडच लागतं. बेसिक पिच स्वरांसोबत बेंडही काढून देतं. फक्त नेहमीचा पल्ला वर-खाली दोन-दोन अर्धस्वरांचा (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) असतो. तुमची सा-ग मींड चार अर्धस्वरांची आहे, म्हणून सिंथमध्ये पल्ला वाढवावा लागेल. तो रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये आणि सिंथमध्ये सारखा ठेवला नाही तर चाल बेसूर होते आणि दोष रूपांतराला दिला जातो.

खर्ज_निषाद:
मान्य. पण बेंडने भरलेला ट्रॅक दुरुस्त करून पाहिलाय का? एक स्वर उचलून वर नेला की त्याखालची वळणं जागेवरच राहू शकतात. एकल गायकीची ती सगळी वक्ररेषा जपायचीच असेल, तर मूळ रेकॉर्डिंग ती जास्त चांगली जपतं. आणि बेंडसकट तो ट्रॅक पियानोच्या आवाजावर लावला तर खोटाच वाटतो, कारण पियानोत मींड नाहीच.

अनाहत:
म्हणूनच पियानोसाठी मी बेंड पुसतो, जिन्यातले मधले स्वर काढतो आणि फक्त सा आणि ग ठेवतो. व्हायोलिनला तीच चाल द्यायची तर वळण परत आणतो. मींडेतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे संगीत संयोजक नाहीतरी ठरवतच असतो.

खर्ज_निषाद:
तुम्ही ठरवता, कारण काय गायलं होतं ते तुमच्या कानात पक्कं आहे. नवशिका पडद्यावर दिसेल ते खरं मानतो. माझी खरी तक्रार हीच आहे. पाच स्वरांचा जिना तो चार वेळा ऐकतो आणि पाचव्यांदा तसाच गातो. पुढे तर यंत्राला कळावं म्हणून सरळ, ठोकळ्यासारखं गायला लागतो. कणस्वर (मुख्य स्वराला हलकेच लागणारे शेजारचे स्वर) जातात, आंदोलन (स्वराचं सावकाश डोलणं) जातं. म्हणून शिकणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आधी स्वर कानाने ओळखून कागदावर लिहा, मग रूपांतर करा आणि दोन्ही ताडून पाहा.

लेहरा:
ताडून पाहणं पटलं. पण लिहिणं आधी नको. स्वर ओळखता येत नाहीत म्हणून कित्येक जण चाल तिथेच सोडून देतात. आधी रेकॉर्ड करू दे, रूपांतर करू दे. मूळ आवाजाचा ट्रॅक मिडीच्या शेजारीच ठेवायचा आणि आलटून पालटून दोन्ही ऐकायचे. फरक कुठे पडतो ते कानाला कळतं. स्वरांची नावं नंतर येतील.

खर्ज_निषाद:
मूळ ट्रॅक पुसायचा नाही, एवढी अट पाळली तर माझा विरोध बराच सौम्य होईल.