थॅडियस स्टीव्हन्स: म्हणे सूडाने पेटलेला म्हातारा

लँकेस्टरवासी: शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की १८६३ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, गुलामगिरीवाल्या दक्षिणेच्या सैन्याने उत्तरेतल्या गुलामगिरीविरोधी खासदार स्टीव्हन्सचा कॅलेडोनियाचा लोखंडाचा कारखाना जाळला, म्हणून त्याने युद्धानंतर दक्षिणेचा सूड घेतला. अहो, १८३८ मध्ये त्याच्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नव्या राज्यघटनेने काळ्यांचा मताधिकार काढला, तेव्हा याच गृहस्थाने तिच्यावर सही करायला नकार दिला होता. कारखाना जळायच्या २५ वर्षं आधी! सूड काय ॲडव्हान्समध्ये घेतला?

खवट: सही न करायला काय जातंय? १८६५ मध्ये दक्षिणेतल्या बड्या बंडखोरांच्या जमिनी जप्त करा म्हणाला, तो राग नाही तर काय? वर अध्यक्ष जॉन्सनवर महाभियोग. एका मताने वाचला बिचारा.

लँकेस्टरवासी: बिचारा?? त्या बिचाऱ्याने बंडखोरांना माफ्या वाटून जमिनी जुन्या मळेवाल्यांच्या घशात परत घातल्या. स्टीव्हन्सला त्यातूनच मुक्त झालेल्या प्रत्येक पुरुषाला ४० एकर द्यायचे होते. काँग्रेसने ते होऊ दिलं नाही.

कुळाचा नातू: अवांतर. ४० सोडा, आमच्या आजोबांना कुळकायद्यात दीड एकर मिळाला. सातबाऱ्यावर नाव चढेस्तोवर चपला झिजल्या.

खवट: आणि आमच्या आजोबांचा गेला! सरदार नव्हते हो, मास्तर होते. पगारातून घेतलेली जमीन. वर्षाला दोन पोती भात यायचा, तोही बंद.

कुळाचा नातू: पिकवत कोण होतं तो? मास्तर?

खवट: आजोबांवर जायचं काम नाही.

वाचनमात्र: भात आवरा. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलाम मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. स्टीव्हन्सचं नाव नाही त्यात, पण त्यांना त्या कामात निरपेक्षता दिसली. खवटरावांना सूड दिसतो. ज्याची त्याची नजर.

खवट: फुले आणले की वाद संपला, नाही का?

लँकेस्टरवासी: संपवू नका. मी इथेच, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला राहतो. मुलीला घेऊन स्टीव्हन्सच्या थडग्यावर गेलो होतो. इतर दफनभूमींत काळ्यांना मज्जाव, म्हणून त्याने मुद्दाम ही लहानशी जागा निवडली, आणि ते कारण दगडावर कोरून घेतलं. तिने मोठ्याने वाचलं, मला पुढे बोलवेना. मेल्यावर कुणाचा सूड घेतात?

खवट: बरं बाबा, थडग्यापुरता मानला. महाभियोग चूकच. आणि भाताचा विषय परत नको.

कुळाचा नातू: नुसती दोन पोती? म्हणजे तुमच्या कुळाने खंड थकवलाच होता. शाब्बास त्याची!