मदत हवी आहे: साइडकार जोडलेली मोटारसायकल प्रथमच चालवताना

आर्वी तालुक्यातील आमच्या गावी मामांची साइडकार (डाव्या बाजूची एका चाकाची बैठक) जोडलेली जुनी मोटारसायकल आता माझ्याकडे आली असून, गुडघेदुखीमुळे दुचाकीवर मागे बसू न शकणाऱ्या आईला बाजाराला नेण्यासाठी ती वापरण्याचा विचार आहे. दुचाकी वळणावर झुकते, ही झुकत नाही. हँडल जोर लावूनच वळवावे लागते. वेग वाढवताच गाडी डावीकडे ओढते, ब्रेक दाबताच उजवीकडे जाते आणि डाव्या वळणावर रिकामी साइडकार उचलली जाईल अशी भीती वाटते. सरावापुरते तिच्यात सरकीचे पोते ठेवावे, असे मामा सुचवतात (आईला अर्थातच नंतर बसवू). परंतु ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडलेल्या पांदण रस्त्यावर तिसरे चाक मधल्या उंचवट्यावर चढते, तेव्हा गाडी कशी सांभाळावी, हे अनुभवी चालकांनी कृपया सविस्तर सांगावे.